हत्तीबेटावर कोण कोणावर नजर ठेवून होतं

साठी उलटलेली माणसं रविवारी पहाटे उठतात, पदरचं डिझेल जाळून डोंगर चढतात, यात काहीतरी काळंबेरं असणार असं मला पहिल्यापासून वाटायचं. बोअरच्या धंद्यात माझी तीस वर्षं गेली. बिनफायद्याचा घाम गाळणारा माणूस मी पाहिला नव्हता. तरी मी या ग्रुपमध्ये शिरलो, आणि पाच महिन्यांत आठ डोंगर झाले.

नववं हत्तीबेट. नांदेडहून साडेपाचला निघालो, अकरा जण, दोन गाड्या, माणशी साडेतीनशे. कंधार, जांब करत उदगीर, तिथून पुढं बेट. जांबला पोहे-चहा तीस रुपयांत होतो. पाणी मात्र घरूनच न्या, माणशी तीन लिटर. यंदा इकडची गावं टँकरवर आहेत. कुणाच्या दारात पाणी मागायचं नाही, हा सुमन सिस्टरचा नियम. सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या, पण ग्रुप अजून वॉर्डासारखाच चालवतात.

म्हणून पायथ्याच्या गावात व्यंकटराव नावाच्या शेतकऱ्यानं आपण होऊन ताकाचा तांब्या पुढं केला, तेव्हा मी सावध झालो. जनावरांना पाणी नाही आणि परक्याला ताक?

"घ्या साहेब, लांबून आलाव."

दोन ग्लास प्यालो आणि सवयीनं विचारलं, "ही रस्त्याकडची जमीन कुणाची? काय भाव चाललाय?"

सिस्टरनी ग्रुपमधल्या कांबळे सरांकडं पाहिलं. ते पाहणं मी पाहिलं.

बेट चढायला सोपं आहे, दमादमानं पाऊण तास. कातळात कोरलेली लेणी, वर मोकळा वारा. खाली नजर जाईल तिथवर करडी ढेकळं. कांबळे सर, बिलोलीचे निवृत्त मास्तर, नेहमीप्रमाणे माझ्या बाजूनं चालत होते. माझी चाल मंद, त्यांची नाही. मग हा माणूस मागं का राहतो? विमा विकणार की प्लॉट? पाच महिन्यांत काहीच विकलं नव्हतं, त्यानं माझा संशय वाढलाच होता.

लेण्याच्या सावलीत मी पाठ टेकली. खांबापलीकडं सिस्टर भाकरी सोडत बोलत होत्या. माझे कान तिखट.

"सर, तुम्हाला कळून नाही राहिलं का? ते चालायला येत न्हाईत. उदगीर जिल्हा होणार म्हणून जमिनी हेरायला येतात. गावोगाव भाव विचारतात."

"हाव, विचारतात," सर म्हणाले. "म्हणून तर मी संगं चालतो. कुणी भुलून जमीन देऊ नये. गप्पा मात्र लई ग्वाड मारतो गडी."

बोलणं माझ्याबद्दलच होतं. वाईट याचं, की ते खरं होतं. पहिले दोन-तीन डोंगर मी त्यासाठीच चढलो. नवा जिल्हा म्हणजे ऑफिसं, ऑफिसं म्हणजे प्लॉट. पण पुढं पुढं शनिवारपासूनच बूट पुसून दाराशी ठेवायला लागलो, ते जमिनीपायी नव्हतं. बायको गेल्यावर माझ्याशी सलग तासभर बोलणारं कुणी उरलं नव्हतं. सर बोलायचे. आता तेही जाणार.

उतरलो तर व्यंकटराव वाटेत उभे.

"साहेब, खरं सांगा. कलेक्टर ऑफिस इकडंच येऊन राहिलंय ना? चार एकर हाय माझी, रस्त्याला लागून. तुमी म्हणाल त्या भावात देतो."

ताकाचा उलगडा झाला. जमीन मोक्याची होती, आणि दहा जण माझ्या तोंडाकडं बघत होते.

"व्यंकटराव, आम्ही साहेब न्हाई. ऑफिस कुठं येणार, येणार का न्हाई, आम्हाला ठाऊक न्हाई. मी धंदेवाला माणूस. माझ्यासारख्याला जमीन देऊ नका."

"मग सकाळी भाव कशाला विचारला?"

"आधी त्याच्यासाठीच हिंडत होतो."

 परतताना सर खिडकीबाहेर बघत होते.

घरी मुलानं विचारलं, "बाबा, जागा कशी हाय तिकडं?"

म्हटलं, "लेणी बघण्यासारखी हायत."

तुम्हीही जा, उन्हाच्या आत उतरा. माझे गुडघे दोन दिवस बोलत होते, फोन मात्र बोलेना. नाव कापलं असं धरून चाललो.

चौथ्या दिवशी सरांचा फोन आला. "रविवारी माहूर."

"सिस्टर काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, त्यांच्यावर लक्ष ठेवा."

"मग?"

"मग काय. तुम्ही आल्याबिगर लक्ष कुणावर ठेवू मी?"