बोटीचा भात

मंडळी, आमच्या घरात रोज मूठभर तांदूळ जास्तीचे शिजतात. त्याला आम्ही 'बोटीचा भात' म्हणतो. का म्हणतो, ते आज दुपारी कळलं आणि माझा घास हातातच राहिला.

नातीला 'बोट' या इंग्रजी शब्दाचे मराठी प्रतिशब्द हवे होते. मी रुबाबात सांगितले: होडी, नाव, मचवा, पडाव.

शेजारी माझी शंभरीला टेकलेली आत्या जेवत होती. ती नातीला म्हणाली, "त्या सगळ्या होड्या गो. बोट त्यात नाय. बोट मुंबईची. बोट आली म्हणजे बाबा आला."

तिचा बाबा, म्हणजे माझे आजोबा, मुंबईला गिरणीत होते. आत्या सांगू लागली, तेव्हा चाकरमानी आगबोटीने यायचे, दासगावच्या बंदरात उतरायचे आणि बैलगाडीने, पायी आमच्या कापडे गावाला पोचायचे. कुठल्या बोटीने येणार, ते आधी कळायचं नाही. म्हणून बोटीच्या दिवशी आजी त्यांच्या वाटणीचा भात लावायची. नाही आले, तर सकाळी त्याचीच पेज.

"पण पावसाळ्यात बोटी बंदच असणार ना? मग आपण रोज का लावतो?" नातीने विचारलं.

आत्या ताटाकडे बघत म्हणाली, "एका वर्षी पाऊस सरला, बोटी सुरू झाल्या, बाबा आलाच नाय. तवापासून आई रोज लावायला लागली."

आजोबांना मी पाहिलेलं नाही. त्यांच्या वाटणीचं मात्र जन्मभर जेवतोय.

तुमच्याकडे जास्तीचा भात कुणाच्या नावाचा असतो हो?