नानांची झाडे उन्हाने मेली नाहीत

नानांची आणि माझी ओळख झाली ती मी बोलणी खाऊनच. मोखाड्याच्या कार्यालयात मी नुकतीच कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले होते. श्री. वसंतराव खारकर, म्हणजे आपले नाना, तेथे हेडक्लार्क होते. पोशेऱ्याहून आलेल्या एका वृद्ध गृहस्थांचा दाखल्यासाठीचा अर्ज मी नीट न वाचताच 'त्रुटी आहेत' असा शेरा मारून परत केला. नानांनी तो पुन्हा माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाले, "बाई, त्रुटी दाखवा." मला एकही दाखवता येईना. त्यांनी माझ्याकडूनच शेरा खोडून घेतला आणि शेवटची एसटी सुटायच्या आत त्या गृहस्थांच्या हाती दाखला दिला. मला एवढेच ऐकवले, "वाचल्याशिवाय शेरा नाही." तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता.

निवृत्तीनंतर नाना जव्हारच्या घरी राहू लागले आणि फ्युशियाच्या नादी लागले. कानातल्या झुमक्यासारखे खाली लोंबणारे हे फूल. बाहेर लाल पाकळ्या, आत जांभळा घेर. झाड थंड हवेचे. आता जव्हारला थंड हवेचे ठिकाण म्हणणाऱ्यांनी एकदा एप्रिलच्या दुपारी इथे येऊन दाखवावे! पहिली काही वर्षे नानांचे एकही झाड पावसाळा पाहू शकले नाही. लोक हसले, मीही हसले.

एकदा नाशिकच्या रोपवाटिकेत मी त्यांच्यासोबत गेले होते. फुलांनी लगडलेले, दुहेरी पाकळ्यांचे एक रोप मी पुढे केले. नानांनी ते अलगद कुंडीतून उपसून मुळे पाहिली आणि परत ठेवले. "फुलं आज आहेत, उद्या गळतील. झाड बघा," म्हणाले. त्यांनी स्वतः घेतले ते एकेरी पाकळ्यांचे, बिनफुलांचे, पण बुडापासून भरपूर फांद्या असलेले रोप. मी हट्टाने माझेच घेतले. ते होळीपर्यंतही टिकले नाही.

उन्हाळ्यातून जे झाड तगेल, थंडीत त्याचेच कोवळे शेंडे खुडून नवी रोपे करायची, असे नानांनी वर्षानुवर्षे केले. जामसरच्या सोनीबाई त्यांना रानातला कुजलेला पाला आणून देत. तो, वाळू आणि विटांचे तुकडे मिसळून माती भुसभुशीत ठेवायची. सकाळचे कोवळे ऊन पूर्वेच्या ओट्यावर, मग दिवसभर सावली. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांपासून दूर. एवढ्या खटपटीतून आपल्या हवेत तगणारी चौदा झाडे उभी राहिली. ती बाजारात मिळत नाहीत. नानांच्या सत्कारासाठी नेमलेल्या गौरव समितीने मला या लेखात 'छंदाविषयी फार न लिहिता सेवेविषयी लिहावे' असे कळवले आहे. मला तर यात आणि त्या दाखल्यात काडीचाही फरक दिसत नाही.

यंदा एप्रिलमध्ये नाना डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस लेकीकडे गेले. झाडे माझ्यावर सोपवली आणि चिठ्ठी दिली : 'दुपारी मान टाकतील. घाबरू नका. उन्हाने टाकतात, संध्याकाळी उचलतात. मातीत बोट घालून पाहा. कोरडी लागली तरच पाणी.'

दुसऱ्याच दिवशी गौरव समितीची मंडळी मांडवाची जागा पाहायला भर दुपारी अंगणात आली. झाडांनी माना टाकलेल्या. सगळ्यांचा जीव कळवळला. नळाला एक दिवसाआड पाणी, तरी चिटणीसांनी घरून कळशी आणली, खजिनदारांनी बादली. रोज कोणी ना कोणी येऊन ओतत राहिले. पाणी जितके जास्त, तितक्या माना खाली. माना खाली, म्हणून आणखी पाणी. सहाव्या दिवशी सोनीबाई पाला घेऊन आल्या. त्यांनी कुंडीत बोट घातले आणि माझ्यावरच ओरडल्या, "बाय, ह्यांत कोनी पानी वतलां? आख्खा चिखल झालाय!" मुळे कुजली होती.

नाना आले. एका डोळ्यावर पट्टी. प्रत्येक कुंडीपाशी वाकून त्यांनी माती हुंगली. चिटणीस शेजारीच उभे होते. नाना त्यांना म्हणाले, "यंदा ऊन फार होतं हो." चिटणीसांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि निमंत्रणपत्रिकेच्या मसुद्यात वाक्य आले : 'कडक उन्हात बाग जळूनही न खचलेले नाना.'

ते वाचून माझे डोके फिरले. मी मसुदा घेऊन नानांकडे गेले. "खोटं का बोललात? मला एका शेऱ्यासाठी सोलून काढलं होतंत!"

"त्यांनी घरचं पाणी आणलं होतं," नाना म्हणाले. "एप्रिलात घरचं पाणी आणून घालणाऱ्या माणसाला मी काय बोलू?"

"मग मला बोला. मीही घातलं. रोज संध्याकाळी."

नानांनी मसुदा बाजूला ठेवला. मग विचारले, "चिठ्ठी वाचली नव्हती?"

"वाचली होती. पर्समध्येच होती."

"आणि बोट?"

"नाही घातलं."

यापुढे नाना काहीही बोलले असते तरी मी ऐकून घेतले असते. ते उठून मोरीच्या भिंतीकडे गेले. कुजणाऱ्या झाडांचे वरचे बरे शेंडे कापून त्यांनी तेथे गारव्याला ओल्या वाळूत लावले होते. त्यांतले दोन जगले होते. त्यांतला एक त्यांनी माझ्यासमोर ठेवला. "हा तुमच्याकडे. आणि पुढच्या एप्रिलात दुसरा डोळा आहे. घराची चावी तुम्हीच ठेवा."

माझी समितीला मागणी आहे की ते वाक्य काढून टाकावे. बाग उन्हाने जळली नाही, ती आम्ही बुडवली, आणि नानांनी आम्हाला पाठीशी घातले. सत्कारच करायचा तर या गोष्टीचा करा. शाल पांघरवून खोटे छापू नका.

नानांना दोन्ही डोळ्यांनी चौदा कुंड्या पुन्हा फुललेल्या पाहता याव्यात, आणि शंभरीपर्यंत त्यांनी आम्हाला असेच आधी वाचून मग काम करायला लावावे, एवढेच मागणे आहे. कार्यक्रमाच्या दिवशी ओट्यावरच्या एकुलत्या एका रोपाने मान टाकलेली दिसली, तर कोणीही पाण्याला हात लावू नये. मी तेथेच उभी असेन.