टँकरवर साहेबांचं नाव

आमच्या शहरात पाणी साचत नाही, किस्से मात्र ढीगभर साचतात! त्यातून तुम्ही खासदाराच्या ऑफिसात बसत असाल, तर ते रोज सकाळी स्वतःच्या पायांनी चालत येतात आणि चहा मागतात. पुंडलिकनगरातल्या संपर्क कार्यालयात आमच्या साहेबांचा पीए म्हणून मी त्यांच्या दोन्ही टर्म काढल्या. साहेब मूळचे वकील. मग जिल्हा परिषद, मग आमदारकी, मग थेट दिल्ली. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही माझ्यावरच उखडाल.

*

एकदा सोयगावकडचे एक पाटील चेहरा पाडून आले.

"साहेब, जावयाला फोन लावा. पोरगी दोन महिने झाले माहेरी येऊन बसली."

मी म्हटलं, "अहो पाटील, हे खासदाराचं काम आहे का?"

"मग कुणाचं? दिल्लीपस्तोर वळख आसून उपेग काय?"

साहेब हौशी! त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "जावईबापू, मी खासदार बोलतोय. आमच्या लेकीला कधी नेताय?"

पलीकडून आवाज आला, "आज नेतो, साहेब. पण ती म्हणती, ज्या घरात नळाला आठ दिसांनी पाणी येतं तिथं मी येत नाय. आता हे काम माझं का तुमचं?"

साहेबांनी हळूच फोन ठेवला आणि पाटलांसाठी चहा सांगितला. पाटील ओशाळून म्हणाले, "जावई तोंडानं जरा फटकळच हाय आमचा."

*

लोकसभेत मत द्यायला दोन्ही हात लागतात, हे मलाही साहेब निवडून येईपर्यंत ठाऊक नव्हतं. एका हातानं एक बटन दाबून धरायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या हातानं आपल्या पसंतीचं दाबायचं. पहिल्या मतदानाला साहेबांचा एक हात कानाला लावलेल्या हेडफोनवर. मत नोंदलंच गेलं नाही! दुसऱ्या दिवशी इथल्या पेपरात मथळा आला, 'खासदार सभागृहात, मत बेपत्ता'.

साहेबांनी पत्रकारांना बोलावलं, टेबलावर दोन्ही हात ठेवून सगळं प्रात्यक्षिक करून दाखवलं. मागं बसलेला एक म्हातारा पत्रकार शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्हाला निवडून द्यायला आमचं एक बोट पुरतं. तुम्हाला दोन हात पुरंनात व्हय?"

सगळ्यात मोठ्यांदा साहेबच हसले. त्यानंतर मतदानाच्या वेळी ते हातात पेनसुद्धा धरत नसत.

*

अर्थात, त्यासाठी मतदानाला हजर असावं लागतं! साहेबांचं रेकॉर्ड काढलं तर संसदेपेक्षा मांडवातली हजेरी भारी निघेल. एका महत्त्वाच्या विधेयकाला पक्षानं व्हिप काढला होता, म्हणजे हजर राहा आणि सांगू तसं मत द्या, असा हुकूम. त्याच दिवशी साहेब लासूर स्टेशनला एका लग्नात अक्षता टाकत होते. फोटो छापून आला. दिल्लीहून खुलासा मागवला गेला, आणि फोटो पेपरात दिला कुणी, याचा ऑफिसात शोध सुरू झाला.

तेवढ्यात नवरीचा बाप पेढे घेऊन हजर. फोटो त्यानंच दिला होता! साहेब वैतागून म्हणाले, "अहो, माझी खासदारकी धोक्यात आणली तुम्ही!"

तो म्हणाला, "तिकडं तुमी नसला तर एक मत कमी झालं. इकडं नसता आला, तर आमच्या आख्ख्या भावकीचं गेलं आसतं."

साहेब पेढा तोंडात टाकत मला म्हणाले, "बघ, व्हिप म्हणतात तो याला!"

*

साहेबांना एकच शौक, नावाचा. खासदार निधीतून बसथांबा झाला, नाव. बाकडं बसवलं, नाव. दुष्काळ पडला आणि पाणी आटलेल्या वस्त्यांसाठी टँकर घेतले, तर त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी आणि मागूनही नाव! आमचा पेंटर सलीमभाई ब्रश हातात घेऊन वैतागला होता. "साब, नाम इत्ता बडा बोले तो टाकी छोटी पडरी!"

"मग टाकी झाकू दे," साहेब म्हणाले.

दुरून रस्त्यानं टँकर येताना दिसला, की आधी साहेबांचं नाव यायचं आणि मग पाणी.

*

त्याच उन्हाळ्यात शहराच्या कडेला जिकडं बघावं तिकडं बिल्डिंगी उठत होत्या. त्यातली एक साहेबांच्या मेव्हण्याची. एके दिवशी कुणीतरी तिथला फोटो काढला. आमचा टँकर ओल्या स्लॅबशेजारी उभा, पाइप हौदात सोडलेला आणि नाव लख्ख! तो फोटो गावभर फिरला, मग दिल्लीत पोचला. खासदारांच्या वागणुकीची चौकशी करणाऱ्या एथिक्स कमिटीकडं तक्रार गेली. पुढच्या तिकिटाचं काय होणार, यावर ऑफिसात पैजा लागल्या.

साहेबांनी मेव्हण्याला फैलावर घेतलं. तो उलट म्हणाला, "दाजी, माझं काय चुकलं? एवढ्या मोठ्या अक्षरात रंगवायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

मला मात्र हसू आलं नाही. मी म्हटलं, "साहेब, हे वाईट झालं."

"अरे, गेल्या असतील एक-दोन खेपा."

"रोज जात होता. तो टँकर लासूर स्टेशनच्या पलीकडच्या वस्तीचा होता. तिथली विहीर कोरडी आहे. लोकांची सगळी भिस्त त्याच्यावर."

साहेब खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "गाडी काढ. तिकीट राहील नाहीतर जाईल. पण त्या लोकांपुढं जाऊन उभं राहायला पाहिजे."

मला त्या क्षणी साहेबांचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू!

*

वस्तीवर आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. लोक लिंबाखाली जमले. कुणी घोषणा दिली नाही, कुणी शिवीही दिली नाही. घोषणेची सवय असलेल्या माणसाला ते फार जड जातं. साहेब हात जोडून उभे राहिले आणि बोलायला सुरुवात करणार, तोच गयाबाई नावाची एक पोक्त बाई पुढं आली. तिनं त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या धरला.

साहेब मागं सरले. "नको मावशी. तुम्हालाच पाणी नाही, मी कसं पिऊ?"

"आसं कसं? दारात आलेल्याला पाणी बी इचारू नाय व्हय?"

नाही म्हणणं शक्यच नव्हतं. साहेबांनी तांब्या घेतला, पण तोंडाला लावायच्या आधी थांबले. "टँकर तर आला नाही. मग हे पाणी कुठलं?"

"तुमच्या मेव्हण्याच्या बिल्डिंगीवरलं," गयाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आमी साऱ्या बाया तिथंच इटा वाहतो. ठेकेदाराचा टेम्पो नेतो, आन सांजच्याला सोडतो. येताना आमी जिची तिची कॅन भरून आनतो. आमचा टँकर तिथंच येतुया ना."

साहेबांनी तांब्या तिरका करून आत बघितलं.

"प्या की, साहेब," गयाबाई म्हणाली. "गाळून घेतलंय."