वाटेवरची पाजणी

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. कोळशाच्या गॅसवर धापा टाकणाऱ्या मोटारीने मला पारनेरला उतरवले, तेव्हाच माझे डोके तापलेले होते. पुढे गेनूच्या बैलगाडीने गाव गाठले, तर ऐन वेशीत गाडी थांबली. रस्ताभर सूत ताणलेले होते.

"पाजणी चाललीय, पावनं," गेनू म्हणाला. पाजणी म्हणजे ताण्याला (उभ्या सुताला) खळ लावून वाळवणे. त्याशिवाय सूत मागावर टिकत नाही.

"मग आपण?"

"आपन थांबायचं."

मागे बाजाराच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. कुरकुरत होतो तो मी एकटाच. आणि आलो होतो याच विणकरांना भेटायला!

मालकाने कारखाना बंद केला, तेव्हा या अकरा जणांनी मिळून माग चालवायला घेतले होते. 'महिन्याभरात एकमेकांच्या झिंज्या धराल,' असे म्हणून मालक गेला होता. त्यांच्यातले वडीलधारे रसूलभाई हातातला कुंचा न थांबवता म्हणाले, "सूत कंट्रोलवर हाय. ह्यो ताना बिघडला, तर दुसरा मिळायचा न्हाई. माग बंदच."

तेवढ्यात माळावरून वावटळ आली. टेकू कोलमडले, ओले सूत एकमेकांना चिकटू लागले. मी नुसता बघत राहिलो. गेनूने गाडीतून उडी टाकली, मागचे गाडीवाले धावले, पाण्याला निघालेल्या बाया घागरी ठेवून आल्या. सुताखालच्या काठ्या उचलून सगळे दुतर्फा उभे राहिले. एका आजीने माझ्याही हातात काठीचे टोक दिले.

"हलू नगं, बाबा."

हात भरून आले, पण सूत वाळेपर्यंत कुणी हलले नाही. ताणा वाचला.

रसूलभाईंच्या घरी भाकरी आणि हुलग्याची आमटी खाताना मी विचारले, "गाव नेहमीच असं थांबतं?"

"रस्ता गावाचा हाय. त्येंनी न्हाई म्हनलं, तर आमी सूत तानायचं कुटं?"

इतक्या वर्षांनीही ते ऊन, तो खळीचा आंबूस वास आठवतो आणि जीव हळवा होतो. थोडी लाजही वाटते. पुण्यात आमच्या आळीतला छापखानाही कामगारांनीच चालवायला घेतला होता. तो वर्षभरात बंद पडला, तेव्हा 'यांना कुठला धंदा जमायला' असे मीच ओट्यावर बसून म्हणालो होतो. आणि तो चालू होता त्याच साली मुलीच्या लग्नाच्या पत्रिका मी चार पेठा ओलांडून दुसरीकडून छापून आणल्या होत्या.