शैलाने जाळलेली गाणी

तीन आठवड्यांपूर्वी धुळ्याहून शैलाच्या मुलीचा फोन आला, "मावशी, आई गेली..." आणि मला आधी आठवलं ते शैलाचं हसू. नव्वदच्या दशकाच्या शेवटी जळगावच्या एका कॉलेजात आम्ही दोघी कॉम्प्युटर शिकवायचो. माझं माउसशिवाय पान हलायचं नाही. शैला मात्र काळ्या पडद्यावर भराभर आज्ञा टाइप करायची आणि यंत्र तिचं मुकाट्याने ऐकायचं.

एकदा ती सोनगीरहून आपल्या आईला, अक्कांना, घेऊनच लॅबमध्ये आली. अक्का लग्नातली गाणी म्हणायच्या. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचं गाणं थांबलं. उरली होती एक जुनी कॅसेट, तीही टेपरेकॉर्डरमध्ये दोनदा गुंतलेली. शैलाने ती कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली होती. आता सीडी करायची, आणि कोऱ्या सीडी दोनच.

"आता बर्न करायचं, म्हणजे जाळायचं," मी अक्कांना समजावलं. घोगऱ्या आवाजात त्या ओरडल्या, "काय वं पोरी, मना गाना जाळी टाकस का?" शैला हसता हसता खुर्चीवरून पडायचीच बाकी होती.

आधी तिने सगळ्या गाण्यांची मिळून एक इमेज बनवली, म्हणजे अख्खी सीडी हार्डडिस्कवरच. ती उघडून गाणी वाजवून पाहिली. मग सीडी जाळणारा लेसर बंद ठेवून नुसती रंगीत तालीम. मग खरी सीडी... टक्के चढू लागले. पन्नाशीला मला राहवलं नाही. त्याच यंत्रावर मी सहज दुसरी एक फाइल उघडली. यंत्र अडखळलं, जाळणं मध्येच तुटलं आणि सीडी वाया! मला रडूच आलं. शैला म्हणाली, "अगं, इमेज शाबूत आहे ना! फक्त आता हात मांडीवर ठेव."

दुसऱ्या वेळी आम्ही तिघी हात बांधून बसलो. शंभर टक्के झाले, ट्रे बाहेर आला... सीडी लावली, गाणं सुरू झालं, तसे अक्कांचे ओठ हलू लागले. "मीच शे का हाई?" त्यांनी विचारलं. शैलाने मान डोलावली, आणि अक्कांनी बसल्या जागी टाळ्यांचा ताल धरला.

पुढे त्याच इमेजवरून शैलाने मलाही एक सीडी करून दिली. तिच्या मुलीच्या फोननंतर ती मी पहिल्यांदाच अगदी शेवटपर्यंत ऐकली. शेवटचं गाणं संपतं, आणि टेप बंद व्हायच्या आत दहा-बारा वर्षांची शैला ओरडते, "माय, आखो एक म्हन ना!" अक्का हसतात, मग तीही हसते... हल्ली सकाळी चहा करताना मी तेवढंच लावते.