सगुणा नावाची चाल

फादर अंब्रोज यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते गुन्हा करताना. सीताबर्डीच्या आमच्या वाचनालयात मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि पुस्तकात कोणी साधी पेन्सिल टेकवली तरी माझं डोकं फिरायचं. हे गृहस्थ तर खिडकीजवळ बसून वाचनालयाच्या पुस्तकात चक्क काळ्या शाईने लिहीत होते. अंगात पांढरा सदरा, पायात रबरी चपला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी तरातरा गेले आणि पुस्तक ओढून घेतलं. "आजोबा, हे काय तुमच्या घरचं पुस्तक आहे?"

"घरचं नाई, पन माहंच हाय," ते शांतपणे म्हणाले. "नाव पाह्य वरतं. एकशे बाराव्या पानावर नदी चुकली वं माही. वर्धेच्या जागी वैनगंगा पडली. इतक्या वर्सांपासून लोकं चुकीच्या काठावर उभे हायत."

मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. त्यांनी तेही मान्य केलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. "मंग तू लिव. तू इथची मानूस." मी मुकाट्याने वैनगंगा खोडून वर्धा लिहिली. वाचनालयाचा नियम मोडण्याचा मान शेवटी माझ्याकडेच आला.

ते पुस्तक फादरांच्या आयुष्याची कमाई होतं. फार पूर्वी एका फ्रेंच मिशनऱ्याने वऱ्हाडातल्या एका खेड्यात राहून तिथल्या बोलीत तीस-बत्तीस ख्रिस्ती गीतं रचली, अशी त्या पुस्तकाची मांडणी होती. त्या गीतांसाठी फादर फ्रेंच शिकले, फ्रान्सला जाऊन मिशनऱ्याची हस्तलिखित वही धुंडाळून आले, आणि परत आल्यावर पाच वर्षं खपून हा ग्रंथ लिहिला. त्यावर विद्यापीठात व्याख्यानं झाली, दूरदूरचे अभ्यासक त्यांना भेटायला येऊ लागले. फादर स्वतः यवतमाळकडच्या एका कास्तकाराच्या घरातले. लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी सगळं अस्खलित, पण बोलायला तोंड उघडलं की गावच बाहेर पडायचं. वरच्या पदावर जाण्याची संधी आली तेव्हा "मले फायली नाई समजत, पोथ्या समजतात" म्हणून ते आपल्या चर्चमध्ये आणि महाविद्यालयाच्या वर्गात राहिले. प्रवचनाला उभे राहताना मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवायचे आणि सातव्या मिनिटाला थांबायचे, वाक्य अर्धवट असलं तरी. लोक ते वाक्य बाहेर पायऱ्यांवर पूर्ण करून घेत.

माझ्यामागे ते हात धुऊन लागले. "एम. ए. केलं, मंग इथं शिक्के काहून मारून राहिली?" मी सांगितलं, घरची जबाबदारी आहे. "जबाबदारी त मलेही हाय, अख्खं चर्च हाय. मी लिवतो ना?" शेवटी मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी.ला नाव नोंदवलं. आमचं घर बौद्ध. माझ्या आजोबांनी छप्पन साली इथेच दीक्षा घेतलेली, त्यामुळे आईला वेगळीच काळजी. "तो फादर तुले बाटवून त नाई राहिला?" मी हे फादरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून हसले. "तुह्या मायले सांग, तुहे संदर्भ तपासण्यातच माहा जीव चालला. बाटवाले टाइम कुठं हाय?" आईला हे उत्तर इतकं पटलं की पुढच्या रविवारी तिने त्यांच्यासाठी गोळाभाताचा डबा पाठवला, आणि मग तो दर रविवारी जातच राहिला.

माझा प्रबंध त्याच गीतांवर होता. आज ती कोण गातं, कशी गातं, हे मला नोंदवायचं होतं. प्रत्येक प्रकरण हातात घेतलं की फादर आधी कडेची जागा बघत. "समास रुंद ठेवत जाय. चूक निंगाली त लिवाले जागा पाह्यजे." मला ती म्हाताऱ्या माणसाची एक खोड वाटायची.

सक्करदऱ्याच्या मार्थाआजीकडे मला त्यांनीच पाठवलं. "दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसते. तिचा आवाज टेप कर, बाकीचं सोड." आजी ऐंशीच्या घरातली, पण आवाज खणखणीत. तांदूळ निवडता निवडता तिने गायला सुरुवात केली:

दळण सरलं बाई, पीठ झालं वं गोळा,
देव उंबऱ्यात उभा, त्याचा मायवानी डोळा.

हे कडवं ग्रंथात होतं. त्याच्या पुढे तिने आणखी चार कडवी म्हटली, ती मात्र कुठेच नव्हती. मी विचारलं, ही कुठून आली?

"माह्या आजीनंच बांधली ना. सगुणाबाईनं," ती म्हणाली. "त्या गोऱ्या फादरच्या घरी सैपाक करे ते. दळता दळता गाये, अन् तो लिवून घे. ही चार बांधली तवा तो देशाले निंगून गेला होता."

माझ्या हातातलं यंत्र चालू होतं, आणि सगुणा हे नाव मला पाठ होतं. मिशनऱ्याच्या वहीत प्रत्येक गीताच्या कोपऱ्यात ते लिहिलेलं होतं. त्यावर आपल्या ग्रंथात फादर अंब्रोज यांनी तळटीप दिली होती: 'सगुणा ही विदर्भातील एखादी लुप्त लोकचाल असावी.' एका परदेशी पुरुषाने बायकांची बोली किती आत्मसात केली होती, यावर तर त्यांनी अख्खं प्रकरण लिहिलं होतं.

आजीचं म्हणणं मी माझ्या प्रकरणात लिहिलं, पण दोन महिने ते फादरांना दाखवलंच नाही. ज्या माणसाने मला शिक्के मारण्यातून उचललं, त्याच्या आयुष्याच्या कामावर मी काट मारायची? टेप नसल्यासारखी वागले असते तर पदवीही मिळाली असती आणि फादरांचं नावही राहिलं असतं. पण आमच्या घरात नाव पुसलं जाणं म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. सगुणाबाई माझ्या डोळ्यांपुढून हलेना. शेवटी एका सकाळी मी ती पानं त्यांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी सावकाश वाचलं. उठून कपाटातून वहीची छायाप्रत काढली, एकेक पान उलटलं, प्रत्येक कोपऱ्यावर बोट ठेवलं. मग आपलीच तळटीप मोठ्याने वाचली आणि 'असावी' या शब्दावर थांबले. चेहरा लाल झाला होता. "आज जाय तू," एवढंच म्हणाले.

आठ दिवस फोन नाही. त्या रविवारी डबा न उघडताच परत आला. आई म्हणाली, "काय केलं वं तू त्या मानसाले?" आपण आपला गुरू गमावला, असं मी धरून चालले होते.

नवव्या दिवशी ते वाचनालयात माझ्या टेबलासमोर उभे होते. दाढी वाढलेली, खिशाला काळं पेन. "स्कूटी आनली का? सक्करदऱ्याले चाल."

मार्थाआजीने खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत. हात जोडून म्हणाले, "मार्थाबाई, मी तुमच्या आजीचं नाव खाल्लं. तिले चाल म्हनून टाकलं पुस्तकात."

"ठाऊक हाय, फादर. पोरानं वाचून दाखवलं होतं."

"मंग बोलल्या काहून नाई? पंचवीस वर्सं माह्यासमोर बसून राहिल्या!"

"तुम्ही पुसाले फ्रान्सले जाऊन आले," आजी म्हणाली. तिच्या आवाजात राग अजिबात नव्हता. "माह्या बाकापाशी आलेच कुठं? चहा मांडू का? साखर चालते ना?"

परतताना तलावापाशी त्यांनी स्कूटी थांबवायला लावली. "पंचवीस वर्सं तिच्या हातावर ख्रिस्तप्रसाद ठेवला वं," ते म्हणाले, "अन् हे गानं कोनाचं, एवढं एकदा पुसलं नाई." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तू भेली होती ना? बरं झालं, भिऊनही लिवलं." आतापर्यंत मला मिळालेली सगळ्यात मोठी पदवी ती आहे.

नव्या आवृत्तीची वाट बघायला त्यांना सवड नव्हती. सीताबर्डी, धरमपेठ, महाविद्यालयं, चर्चची कपाटं, जिथे प्रत असेल तिथे आम्ही स्कूटीवरून गेलो. धरमपेठेत एका ग्रंथपालाने माझ्यासारखंच पुस्तक ओढून घेतलं. फादर खूश होऊन मला म्हणाले, "पाह्य, तुह्यासारखीच चांगली मानसं हायत अजून." प्रत्येक प्रतीत एकच मजकूर: 'सगुणा ही चाल नव्हे. सगुणाबाई या गीतांची कवयित्री आहे. चूक माझी.' पुढे हात कापू लागला तेव्हा मी लिहायचे आणि ते सही करायचे. 'चूक माझी' हे शब्द मात्र त्यांनी मला कधी लिहू दिले नाहीत. तेवढे स्वतःच्या वाकड्या अक्षरात लिहायचे, कितीही वेळ लागो.

या हिवाळ्यात फादर गेले. अंत्यविधीच्या प्रार्थनेचं, म्हणजे मिस्साचं, गीतपत्रक त्यांनी आधीच स्वतः तयार करून ठेवलं होतं. सगळ्यात शेवटी दळणाचं ते गीत होतं, आजीच्या पुढच्या चारही कडव्यांसकट, आणि खाली ठळक अक्षरांत 'कवयित्री: सगुणाबाई'. समास चांगला रुंद सोडलेला. मार्थाआजी माझ्या शेजारी बसली होती. तिने पत्रक डोळ्यांजवळ धरलं. "कुठं हाय वं नाव?" मी तिचं बोट धरून त्यावर ठेवलं.

पहिलं कडवं सगळ्या चर्चने म्हटलं. पुढची चार पत्रकात होती, पण ती कशी म्हणायची हे कोणालाच ठाऊक नव्हतं. हार्मोनियमवाला थांबला, लोक एकमेकांकडे बघू लागले, आणि तिसऱ्या बाकावरून मार्थाआजी उठली. गात गातच ती शवपेटीपर्यंत चालत गेली. चारही कडवी तिने एकटीने म्हटली आणि सबंध चर्च ऐकत राहिलं. संपल्यावर तिने शवपेटीवर हात ठेवला.

"आता बराबर हाय, फादर," ती म्हणाली, आणि पत्रकाची घडी घालून आपल्या जागेवर जाऊन बसली.