थांब नावाच्या मुलीची आई

माझं नाव स्ताना. आमच्या भाषेत त्याचा अर्थ थांब. ते नाव मला मिळालं त्यात माझ्या आईचा दोष एवढाच, की ती त्या दिवशी गप्प बसली.

आई, ग्रोझ्दाना, मोरावित्साच्या खोऱ्यात टपाल वाटायची. चौदा वाड्या, सगळ्या चढावर, सगळीकडे रास्पबेरीचे मळे आणि प्रत्येक मळ्याला एक कुत्रा. लग्नानंतर दोनच महिन्यांत तिला दिवस गेले. थोरल्या येलाच्या वेळी दुपारी बारापर्यंत तिने पेन्शनची पाकिटं वाटली आणि तीन वाजता येला झाली. दुन्या तर गुरांच्या डॉक्टरांच्या गाडीतच जन्मली, मागच्या सीटवर, औषधांच्या खोक्यांमध्ये. गावात म्हणायचे, ग्रोझ्दानाच्या घरी पोर येतं तेसुद्धा टपालाने, वेळेवर आणि सही न घेता. तिला ही थट्टा आवडायची. तीच चारचौघांत रंगवून सांगायची, गुरांच्या डॉक्टरांचा आवाज काढून.

मग तिसरी मी. तिसरीही मुलगी म्हटल्यावर मिलुंका आजीचा, म्हणजे आईच्या सासूचा, धीर सुटला. आमच्याकडे नाव ठेवायचा मान कुमाचा असतो. कुम म्हणजे लग्नात साक्षीला उभा राहतो तो, पुढे त्या घरातल्या प्रत्येक पोराला चर्चमध्ये हातावर घेतो तोही तोच. त्याला कोणी नाही म्हणत नाही. आमचे कुम रादोये, उंच, हळू बोलणारे, मधमाश्या पाळणारे. आजीने चर्चच्या पायरीवर त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि पाद्र्याने नाव विचारल्यावर कुम म्हणाले, स्ताना. मुलींची रांग थांबावी म्हणून असं नाव ठेवायची जुनी रीत आहे. बाळंतीण चाळीस दिवस घरात, त्यामुळे आई तिथे नव्हतीच. शेजारची पोरं धावत घरी आली, खिडकीखाली ओरडली, स्ताना, स्ताना. आईने त्यांना रीतीप्रमाणे खाऊ दिला आणि काही बोलली नाही.

मुली थांबल्या. पण त्यांच्याबरोबर सगळंच थांबलं.

पहिलं वर्ष कोणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या वर्षी आई महिन्याच्या तारखा टपाल कचेरीच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने टिपायला लागली. तिसऱ्या वर्षी आजीने आकाशाकडे बघून भांडण काढलं. म्हणाली, मी मुली थांबव म्हटलं होतं, पोरं नव्हे. याने अर्धाच निरोप ऐकला. आणि मग आईकडे वळून, "टपालवालीच्या घरी हे व्हावं?"

आई हसली, पण तिला आतून लागत होतं आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती. शहरातल्या डॉक्टरांनी कागद वर-खाली केले आणि विचारलं, तीन आहेत ना, मग घाई कसली. पाद्री म्हणाला, आहे त्याबद्दल आभार मान. मैत्रिणी म्हणाल्या, आमच्या दोन घेऊन जा. वडिलांना, स्रेतेनला, वाटायचं तिला मुलगा हवाय, म्हणून ते बिचारे सारखे सांगायचे की मला मुलीच आवडतात. तिला मुलगा नको होता. तिला अजून एक हवं होतं, एवढंच. पण तीन पोरांच्या आईने ते कोणत्या तोंडाने म्हणायचं?

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तिला एकवीस दिवस गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवलं. तिथे दवाखाना आहे, चिखलाचे लेप देतात, मूल न होणाऱ्या बायका लांबून येतात. दोन हजार तीनचा जून, मी पावणेसहा वर्षांची.

खोलीत तिच्या शेजारच्या पलंगावर ल्युबिंका होती, कापडगिरणीत काम करणारी, अकरा वर्षं वाट बघणारी. पहिल्या संध्याकाळी तिने विचारलं, किती वर्षं? आई म्हणाली, पावणेसहा. ते खरंच होतं. ल्युबिंकाने मान डोलावली, आपल्या लोकरीच्या सपाता तिला दिल्या, आणि पुढचे तेरा दिवस आईने तिघींपैकी एकीचंही नाव तोंडातून काढलं नाही. लेप लावून पडल्या पडल्या ल्युबिंका बोलायची. घरच्या सणाला जावा आपली बाळं तिच्या हातात कशी देत नाहीत. चर्चमध्ये नजर लागेल म्हणून गरोदर बायका तिच्या पुढे कशा उभ्या राहत नाहीत. आई ऐकायची. खोटं बोलत होती म्हणून तिला झोप लागत नसे, आणि पहिल्यांदाच तिचं दुःख कोणी तोलून न बघता घेतलं होतं म्हणून ते खोटं सोडवतही नव्हतं.

चौदाव्या दिवशी रविवार होता. कुम रादोयेंच्या गाडीतून आम्ही सगळे तिला भेटायला गेलो. बागेतल्या बाकावर दोघी बसल्या होत्या. आम्ही तिघी आई, आई करत पळत सुटलो आणि तिच्या अंगावर जाऊन आदळलो.

ल्युबिंका बाजूला सरकली. "ही कोणाची?"

"माझी."

"तिन्ही?"

"तिन्ही," आई म्हणाली. मला आठवतं, तिचे कान लाल झाले होते.

ल्युबिंका उठली. शाल उचलली. मग माझ्याकडे बघून, का कोण जाणे, विचारलं, "तुझं नाव काय गं?"

मी ठणकावून सांगितलं, स्ताना. ती तशीच उभी राहिली आणि मग खाली बसली. एवढी हसली, की शालीने डोळे पुसावे लागले. असं नाव कशाला ठेवतात हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं.

कुम घसा खाकरून पुढे आले. ते त्यासाठीच आले होते. मिलुंका आजीशी त्यांचं ठरलं होतं, पाद्र्याशीही बोलणं झालं होतं. पुढच्या महिन्यात, संत पेटारच्या सणाला, माझं नाव बदलायचं. नवं नाव नादेझ्दा, म्हणजे आशा. चूक माझ्या तोंडून झाली, ते म्हणाले, मीच ती परत घेतो.

मी त्या वर्षी नाव लिहायला शिकले होते. आमच्या लिपीत त्याची पाच अक्षरं. मी विचारलं, नव्यात किती आहेत? कुमांनी बोटांवर मोजली. सात, म्हणाले. मी भोकाड पसरलं.

"बदल," ल्युबिंका आईला म्हणाली. आता ती हसत नव्हती. "रडू दे तिला, दोन दिवस रडेल. मी तुझ्या जागी असते ना, तर तिघींची बदलली असती. नवऱ्याचं आणि घोड्याचंही."

 आईला ते हवं होतं. तिने नंतर मला स्वतः सांगितलंय, त्या क्षणी पाच टक्केही आशा असती तरी तिने ती घेतली असती. ती माझं नाक पुसत होती. मी हुंदक्यांमधून पाच अक्षरं एकेक करून म्हणत होते, विसरू नयेत म्हणून.

"नको, कुम," आई म्हणाली.

वडिलांनी मान खाली घातली. कुमाला नाही म्हणणं आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

"मला नाही म्हणतेस, ग्रोझ्दाना?"

"तुम्हाला कशी म्हणेन? तुम्ही चर्चमध्ये नाव ठेवलंत, मी घरी बसून ते घेतलं, खाऊसुद्धा वाटला. मी तुमच्याच शब्दाला धरून आहे. तुम्हीच आता दुसरं काही सांगताय." मग हळू आवाजात, "त्या दिवशी आपण हिच्या गळ्यात देवाला चिठ्ठी बांधली. ही काय पाकीट आहे? एकदा बांधली ती बांधली, आता दुसरी नको. मला मूल हवंय तर मी मागेन. हिच्याकरवी नाही."

कुमांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. त्यांना रागवायचं होतं, पण स्वतःच्या शब्दावर कसं रागवणार?  मग आजीने दिलेल्या चीजच्या पाईचा डबा उघडून म्हणाले, गार होतेय.

ल्युबिंकाने पाई घेतली नाही. दोन दिवस ती आईशी बोललीही नाही. तिसऱ्या दिवशी लेप लावताना भिंतीकडे तोंड करून म्हणाली, तीन असून तुला चौथं हवंय, मला कळतच नाही. आई म्हणाली, भूक लागली की मागचं जेवण आठवतं का गं? ल्युबिंकाने भिंतीकडचं तोंड इकडे फिरवलं. मग म्हणाली, निदान आता तरी नावं सांग त्यांची, नीट, पहिल्यापासून. आईने गुरांच्या डॉक्टरांच्या आवाजापासून सुरुवात केली. ल्युबिंकाचं पुढे काय झालं ते तिचं तिने सांगायचं. एवढं सांगते, की आमच्या घरी ती दर वर्षी येते आणि मला अजून थांबके म्हणते.

चौथं आलं नाही. आईने आणखी चार वर्षं पेन्सिल चालवली, मग पुढच्या कॅलेंडरवर खुणा दिसल्या नाहीत. टपाल मात्र ती गेल्या वर्षीपर्यंत वाटत होती, आणि सगळ्या कुत्र्यांना नावाने ओळखत होती.

परवा सप्टेंबरात आम्ही दोघी अंगणात भाजलेल्या मिरच्या सोलत बसलो होतो. आमच्याकडे हिवाळ्याची चटणी करायची म्हणजे दोन पोती मिरच्या. मी विचारलं, आई, तुला अजून वाटतं का गं कधी, एक आणखी असतं तर?

"वाटतं की," ती म्हणाली. "सप्टेंबरात फार. तुम्ही तिघी याच महिन्यातल्या ना."

"मग?"

"मग काय? सांगितलं ना, वाटतं." तिने परात माझ्याकडे सरकवली, काळे पडलेले हात झग्याला पुसले, आणि फाटकाशी कोण आलंय ते बघायला उठली. नवा टपालवाला होता. कुत्र्याला घाबरून बाहेरच उभा होता, आणि ती त्याला चालता चालता सांगत होती, "अरे, त्याला नावाने हाक मार."